दिल्लीला गेलेली फाईल

दोनशे बारा ओळींपैकी अकरा ओळी पिवळ्या होत्या आणि त्यातल्या दोन एकाखाली एक होत्या. एकशे सतरा. एकशे अठरा. सकाळचे दहा वीस. पंखा फिरत होता, रेश्मा खिडकीतल्या कुंडीला बाटलीनं पाणी घालत होती, आणि नेदरलँड्सहून आलेल्या मेलबरोबरचा तक्ता माझ्यासमोर उघडा होता. नावं नव्हती. नावं असायची नाहीत, असाच करार आहे. नुसते आकडे, पुढं जनुकाचं इंग्रजी अक्षरांतलं नाव, त्याच्या पुढं रंग. पांढरा म्हणजे नाही. पिवळा म्हणजे आहे: हृदयाचा स्नायू हळूहळू जाड करणारा, घराण्यातून उतरत येणारा तो दोष, ज्यानं धडधाकट माणूस पळता पळता खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही. मी तक्ता खाली सरकवला. दोनशे बारापर्यंत गेलो. पुन्हा वर आलो. दोन्ही ओळी तिथंच होत्या. एकशे सतरा तीन महिन्यांपूर्वी गेला. एकशे अठरा अजून रोज पळते.

हे मला माहीत असायला नको. आकडा आणि नाव यांची सांगड घालणारी वही लोखंडी कपाटात लाखेची मोहोर लावून ठेवलेली आहे, आणि ती उघडायची तर संस्थेच्या नीतिसमितीची तीन माणसं समोर हवीत. पण रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं जूनमधल्या शिबिराच्या दिवशी मी लिहिली. रेश्मा आमच्या प्रकल्पाची नर्स, हात हलका, अक्षर मात्र कुणाला लागत नाही. शिबिर होतं पाचवडच्या आत, वाईच्या बाजूला, एका गावच्या शाळेत. ज्या घरात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलं असेल त्या घरातली माणसं बोलावली होती. बनसोड्यांच्या घरातला बाप छत्तिसाव्या वर्षी गेलेला, ट्रॉलीत उसाची मोळी चढवताना. त्याच्या आधी चुलता. आता त्या घरातली ही दोघं आली होती, प्रथमेश आणि आम्रपाली, आणि आधी कुणी बसायचं यावर खुर्चीपाशी भांडत उभी होती. "तू मोठा हायस, तू बस." "मोठा म्हनूनच तुला मान देतोय." "भितोस." "कोण भितंय? फौजेत जाणार हाय मी." "मग जा की. सुईला सॅल्यूट मार आणि बस." रांगेतल्या बायका हसल्या. तो बसला. सुई गेली तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि बहिणीनं ते बघून ठेवलं. मी निळ्या पेनानं लिहिलं, एकशे सतरा. मग एकशे अठरा. वर्गाच्या दाराशी सगळ्यांच्या चपला विस्कटून पडल्या होत्या, फक्त त्याचे बूट भिंतीला टाचा लावून उभे होते, एखादा शिपाई उभा असावा तसे. रेश्मा त्यांना म्हणाली, "काही निघालं तर सर लगेच फोन करतील." दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

*विषय: परदेशी भागीदार संस्थेकडून प्राप्त निकालांबाबत. वरील विषयास अनुसरून सविनय सादर की,*

की. इथं आलं की पुढं हिरवा कागद मोकळा. सव्वीस वर्षं मी टिपणी लिहितोय आणि 'की'च्या पुढं कधी अडलो नव्हतो. सरकारच्या अनुदानावर आणि परदेशी शास्त्रज्ञांच्या सोबतीनं चालणारे जे प्रकल्प आमच्या सांगलीच्या संस्थेत आहेत, त्यांच्या फायली मी सांभाळतो. शास्त्र मला कळत नाही. कुठल्या कागदाच्या आधी कुठला कागद जातो ते कळतं. जपानचे आले होते द्राक्षाच्या मुळांसाठी, तेव्हा त्यांना विमानतळावरून आणण्यापासून त्यांच्या अहवालावर चौकटीत सही घेण्यापर्यंत सगळं मी केलं. नानासो खबाले यांच्या फाईलला दिल्लीहून शंका येत नाही, असं म्हणतात. मलाही ते आवडतं. माणसाचं रक्त देशाबाहेर पाठवायचं तर दिल्लीच्या समितीची परवानगी लागते, त्या परवानगीला परदेशी संस्थेचं हमीपत्र लागतं, आणि हमीपत्रावरचं नाव आणि करारावरचं नाव एक लागतं. इथं एक नव्हतं. करार झाल्यानंतर तिकडच्या दोन संस्था एकत्र झाल्या होत्या आणि पत्र नव्या नावानं आलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नसतं. माझ्या आलं. मी समासात लिहिलं, 'नावातील तफावतीबाबत खुलासा घ्यावा', आणि ते लिहिताना मला जे वाटलं ते मला चांगलं आठवतं. सुख वाटलं.

तिकडच्या डॉक्टर मारिकेबाईंनी दुसऱ्याच दिवशी मेल केला की नाव बदललं आहे, माणसं आणि प्रयोगशाळा तीच आहेत. मी कळवलं, तसं पत्र हवं, मूळ प्रत, शाईची सही, गोल शिक्का. त्यांनी कळवलं, आमच्या विद्यापीठात शिक्के नसतात. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि अख्खा कक्ष हसला. शिक्का नाही आणि म्हणे विद्यापीठ. मग ऑगस्टभर ती माणसं सुट्टीवर गेली. सप्टेंबरात परत मेल, सही केलेल्या पत्राची स्कॅन प्रत जोडून, चालेल का. मी कळवलं, शिक्का. शेवटी त्यांनी आमच्यासाठी म्हणून एक शिक्का तयार करून घेतला. फोटोही पाठवला: मारिकेबाई आणि त्यांचा एक उंच सहकारी, दोघं हसतायत, हातात लाकडी मुठीचा शिक्का, अंगठ्याला जांभळी शाई. ते पाकीट सत्तावीस नोव्हेंबरला आलं. अठ्ठावीसला मी फाईल दिल्लीला पाठवली. तोपर्यंत ती माझ्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात होती, जेवणाच्या डब्याखाली. जायच्या दिवशी बघितलं तर वरच्या पुठ्ठ्यावर तेलाचा गोल डाग उमटला होता. मी त्यावर संस्थेच्या नावाचं लेबल चिकटवलं.

दिल्लीनं चाळीस दिवसांत परवानगी दिली. एक शंका काढली नाही.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला होता. सुट्टीनंतरचा दिवस, टेबलावर टपालाचा ढीग, कुणीतरी आणलेले मोदक कागदावर. "सर, मी एकशे सतरा नंबर." असं म्हणाला तो. नाव नंतर सांगितलं. गावात त्यानं तो नंबर सगळ्यांना सांगितला असणार. "आमचा रिझल्ट आला का सर? जानेवारीत भरती हाय. सराव जोरात करायचा तर आई म्हणती आधी सायबांस्नी इचार." मी फोन कानाला लावून फाईलीकडं बघत होतो. डबा वर होता. मी म्हणालो, "फाईल दिल्लीला गेलीय." "मग कवा येईल?" "आता येईलच. काही असलं तर फोन करू." "आणि फोन न्हाई आला तर?" इथं मी मोदक उचलला होता. "नाही आला तर चांगलंच की. काही नाही असं समजायचं." तो हसला. पलीकडं आणखी कुणीतरी हसलं. "मग करूच नका सर फोन," तो म्हणाला.

मी केला नाही.

हे खोटं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, हे मी कुणाला सांगू. हे खोटं नव्हतंच, ही कचेरीची रीत होती. नोकरीला लागलो तेव्हा नाथाजीभाऊ नावाचे मुख्य लिपिक होते, पान खायचे, बोलायचे कमी. पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्याला मी सांगितलं, तुमचा कागद इथंच आहे, अजून बघितला नाही. म्हातारा उन्हात जाऊन पायरीवर बसला आणि दिवसभर उठला नाही. संध्याकाळी भाऊ म्हणाले, "खबाले, माणसाला असं उघडं पाडू नये. वर गेलीय म्हणावं. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. वरचं कोण बघायला येतंय?" आणि मला ते एकदम पटलं, कारण मला माझे वडील आठवले. वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, रोजंदारीवर, कॅनॉलची दारं उघडायची आणि मिटायची. कायम करण्याची फाईल होती. दर महिन्याला ते साताऱ्याला जायचे, धुतलेला सदरा घालून, आणि एका संध्याकाळी ते परत आले ते वेगळेच. दारातूनच म्हणाले, "फाईल वर गेली." आईनं शिरा केला. वडिलांनी मला कॅनॉलवर नेलं आणि दाराचं चाक फिरवू दिलं, दोन्ही हातांनी, पाणी खालून फुगून आलं. त्या एका वाक्यावर आमचं घर दोन वर्षं आनंदात होतं. फाईल कुठंच गेली नव्हती हे नंतर कळलं, पण तोपर्यंत आम्ही शिरा खाल्ला होता. मी लोकांना तो शिरा वाटत आलो. सव्वीस वर्षं. किती माणसं माझ्या शब्दावर घरी जाऊन जेवली असतील. वडील रोजंदारीवरच गेले, हेही खरं. ते मी या हिशेबात कधी धरलं नाही.

एकोणीस जानेवारीची बातमी आतल्या पानावर होती, चार ओळींची. रेश्मानं वर्तमानपत्र माझ्यासमोर ठेवलं आणि त्या चार ओळींवर बोट ठेवून उभी राहिली. भरतीचा सराव, कॅनॉलचा रस्ता, सकाळचे सहा, वय एकवीस. "अरेरे," मी म्हणालो. ती तशीच उभी. "सर, हा आपला." "हो." "नमुने कुठं आहेत?" "परवानगी आलीय. पुढच्या आठवड्यात बर्फाची पेटी जाईल." तिनं वर्तमानपत्राची घडी घातली. मी सहामाही अहवाल काढला आणि सहभागींच्या स्थितीच्या रकान्यात भरलं: क्र. ११७, मृत. कारणाचा रकाना होता. 'ज्ञात नाही.' मारिकेबाईंचा मेल आला, आम्हाला फार वाईट वाटलं, कुटुंबाला कळवा. मी त्याची प्रत काढून फाईलीला लावली. वाईट वाटण्याला आवक क्रमांक पडला.

*सविनय सादर की, प्राप्त निकालांपैकी एका सहभागीच्या बाबतीत तातडीची*

संचालकांकडं गेलो तेव्हा ते चष्मा पुसत होते. डॉक्टर वीरधवल देशमाने, माणूस वाईट नाही. मी वही न उघडता बोललो. एक मुलगी आहे, पोलीस भरतीची तयारी करते, अठ्ठावीसला तिची मैदानी परीक्षा आहे, रेश्माला तिच्या स्टेटसवरून कळलंय. नऊ दिवस. "तुम्हाला नाव कसं माहीत?" "लेबल मी लिहिलं होतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "संमतीपत्रात काय आहे?" मला पाठ होतं, मीच छापून घेतलं होतं: वैयक्तिक निकाल समितीच्या परवानगीशिवाय कळवू नये. "आपली समिती कधी बसतेय?" त्यांनी विचारलं. "जूनमध्ये." "तातडीची बोलवा." "दोन सदस्य बाहेरगावी आहेत, एक बाळंतपणाच्या रजेवर. पंधरा दिवसांची नोटीस लागते." "मग नोटीस काढा. खबाले, आपण उपचार करणारे डॉक्टर नाही. उद्या तिनं भीतीनं काही केलं, किंवा तिकडच्या लोकांनी विचारलं की सांगड कुणी फोडली, तर पुढचं अनुदान सोडा, आपल्याला कुणी भागीदार मिळणार नाही. तुम्ही आयुष्यात नियम मोडलेला नाही." नंतर हळू आवाजात, "टिपणी ठेवा. मी लगेच वर पाठवतो." वर. मी उठलो. जिन्यात कठड्याचं लोखंड हाताला फार थंड लागलं, एप्रिलात.

टेबलाशी आलो, रेश्मानं विचारलं, "काय म्हणाले?" माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ते आपण होऊन आलं होतं, जिभेवर, मऊ, शिऱ्यासारखं. मी ते गिळलं. मी म्हणालो, "मी उद्या रजेवर आहे."

सांगलीहून पेठ नाक्यापर्यंत गाडी रस्त्यातल्या खड्ड्यांवरून उड्या मारत जाते, नंतर महामार्ग लागतो आणि आपोआप हिशेब सुरू होतो. चौदा जून, शिबिराचा दिवस. फाईल त्याच दिवशी गेली असती तर? चाळीस दिवस दिल्लीचे धरले तर चोवीस जुलै. बर्फाची पेटी, विमान, तिकडची कस्टमची माणसं, महिना. ऑगस्टची त्यांची सुट्टी धरून सात आठवडे. ऑक्टोबर. कराड आलं. पुन्हा केलं. आजारपणं धरली, पेटी एकदा परत आली असं धरलं, प्रयोगशाळेतलं यंत्र बंद पडलं असं धरलं, जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडवून बघितलं. मला फक्त वीस जानेवारीपर्यंत, तो गेल्याच्या पुढं, पोचायचं होतं. फार तर डिसेंबर आला, त्यापुढं सरकेना. शेजारची बाई पिशवीतल्या कोंबडीला पदरानं वारा घालत होती. साताऱ्याच्या अलीकडं मी नवा हिशेब धरला: समजा ऑक्टोबरात निकाल आला असता, तरी समिती होतीच. समिती बसली असती तेव्हा बसली असती. म्हणजे फाईल माझ्या टेबलावर राहिली त्या एकशे सदुसष्ट दिवसांचं काही नाही, नियमच तसा. हा हिशेब बरोबर आला. अगदी बरोबर. आणि तो बरोबर आल्यावर मला खिडकीची काच खाली करावी लागली, कारण त्या पोरानं निकाल मागितलाच नव्हता. त्यानं एवढंच विचारलं होतं की पळू का.

घर शाळेच्या मागं होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा सोपा, सोप्यात पाण्याचं निळं बॅरल आणि त्यात सोडलेली नळी. पाणी नुकतंच आलं असणार. आजोबा हिंदुराव बाजेवर बसले होते, पाठ सरळ, पंधरा वर्षं फौजेत काढलेली. सून क्रांती, प्रथमेशची आई, अंगणवाडीतून आत्ताच आली होती, खांद्यावरची पिशवी उतरवायची होती. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची, आणि त्याच रांगेत, पण जरा खाली, त्याचा फोटो. कुठल्यातरी स्पर्धेचा, छातीवर कापडी नंबर. एकशे सतरा नव्हता. मी बघून घेतलं.

"या सायेब. लय लांबनं आलासा," क्रांती म्हणाली. मी नको म्हणायच्या आत चहा ठेवायला गेली. हिंदुराव म्हणाले, "दिल्लीवाल्यांचं काय? बसल्यातच का अजून फाईलीवर?" मी बॅरलमधल्या नळीकडं बघितलं. "आमच्या फौजेतबी तसंच. खालचा माणूस पळतोय आणि वर कागद झोपलाय. तुमी तरी काय करणार वं. प्रथमेश म्हणायचा, सांगलीचं सायेब चांगलं हायत. फोन उचलत्यात." चहा आला. बशीत दोन बिस्किटं. आम्रपाली आतून आली, ट्रॅकची पँट, केस घट्ट बांधलेले, हातात बूट. संध्याकाळच्या सरावाला निघाली होती. बूट मी ओळखले. ती उंबऱ्यावर बसली आणि उजवा पायात घालताना पुढं बोटांपाशी चाचपलं, आत कापसाचा बोळा होता. "दादाचं हायत," ती म्हणाली, माझी नजर बघून. "आठ नंबर. मला सहा लागतो. पण पळायला चांगलं हायत."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, वाक्यं लहान लहान केली होती गाडीत, ती एकामागं एक ठेवली. तुझा निकाल आलाय. तोच दोष तुझ्यातही आहे. लगेच काही होईल असं नाही. साताऱ्याला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं, औषध असतं, लागलं तर छातीत छोटं यंत्र बसवतात, माणूस म्हातारा होतो. फक्त पळायचं नाही. डॉक्टर सांगेपर्यंत एक पाऊल पळायचं नाही. क्रांतीनं पदर तोंडाला लावला. आम्रपालीनं नाडी बांधायची थांबवली नाही.

"आठ दिवसांवर ग्राउंड हाय सर."

"माहीत आहे."

"चुकलं असंल कायतरी. नळ्यांची अदलाबदल."

"नाही झाली. प्रथमेशचाही आलाय. तेच आहे."

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. रागानं नाही. लहान मुलाला समजावताना बघतात तसं. "सर, ते हुईलच कसं? त्याचं रक्त जूनमध्ये घेतलं. फाईल दिल्लीला गेली. गणपतीत तुमी बोललासा त्याच्याशी, फोन स्पीकरवर हुता, मी हुते तिथं. तुमी बोललासा, काय असलं तर फोन करू, न्हाई आला तर काय न्हाई. जानेवारीपर्यंत न्हाई आला. म्हंजे दिल्लीनं त्याचं बघितलं आणि काय न्हाई निघालं. तो उपाशी पळाला त्या दिवशी. थंडी हुती. आदल्या दिवशी अंगात कसकस हुती, मीच गोळी दिली. त्यानं गेला तो." तिनं दुसरा बूट ओढला. "आता मागनं कुणीतरी चुकीचा कागद पाठवला म्हनून मी घरी बसू? हे वर्ष गेलं तर परत भरती कवा निघंल कुणास ठाऊक. घरात कमावतं कोण हाय?"

"आमू," क्रांती म्हणाली.

"थांब गं आई. सर, तुमचंच धरून चाललेय मी. दिल्लीला जाऊन आलेल्या फाईलीत जे न्हाई, ते त्याला नव्हतं. त्याला नव्हतं तर मला कुठलं?"

ती उभी राहिली. तिचं बरोबर होतं. तिनं माझाच शब्द घेतला होता आणि त्यावर पाय देऊन ती उभी होती, आठ नंबरच्या बुटात. मला एक वाक्य सुचलं: दिल्लीला फार उशीर झाला गं. हिंदुरावांना ते आवडलं असतं. क्रांतीनं दिल्लीला शिव्या दिल्या असत्या आणि मला दुसरा चहा दिला असता. पण त्यानं ही थांबली असती का? ती म्हणाली असती, उशीर झाला म्हणजे घोळ झाला. ती कॅनॉलच्या रस्त्याला लागली असती. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही. बॅरल भरत आलं होतं, पाण्याचा आवाज बदलत होता, बारीक होत वर चढत होता, आणि मला एवढंच कळत होतं की तो थांबायच्या आत बोलायला हवं.

"फाईल दिल्लीला गेली नव्हती," मी म्हणालो.

कुणाला कळलं नाही. मलाही आवाज माझा वाटला नाही.

"त्यानं फोन केला तेव्हा फाईल माझ्या टेबलावर होती. माझ्यासमोर. मी खोटं सांगितलं. तुझ्या दादाचं रक्त त्याच्या आयुष्यात कुणी तपासलंच नाही. फोन आला नाही तो काही नव्हतं म्हणून नाही. फोन करायला कुणाला काही माहीतच नव्हतं."

बॅरल भरलं आणि काठावरून पाणी वाहायला लागलं. सोप्यातून, बाजेच्या पायाखालून, माझ्या चपलांपर्यंत आलं. नळी काढायला कुणी उठलं नाही. हिंदुराव माझ्याकडं बघत होते, पाठ तशीच सरळ. मग त्यांनी विचारलं, "किती दिस?"

"एकशे सदुसष्ट."

"कशापायी?"

"एका पत्रावर गोल शिक्का नव्हता."

"शिक्का," ते म्हणाले. एवढंच. तोंडात खडा आल्यावर जीभ त्याच्याभोवती फिरते तसा तो शब्द त्यांच्या गालात फिरताना मला दिसला.

क्रांती माझ्याशी बोललीच नाही. ती फोटोकडं तोंड करून बोलली, अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशी. "म्या त्याला म्हनलं हुतं, आधी इचार. पोरानं इचारलं हुतं." मग तिनं खाली वाकून माझ्यापुढचा कप उचलला. मी त्यातला एक घोट घेतलेला होता. ती तो घेऊन मोरीकडं गेली. आतून तिचा आवाज आला, "पाचवडहून गाडी साडेपाचला हाय."

मी उठलो नाही, कारण आम्रपाली दारात होती आणि ती अजून बुटांत उभी होती. बाहेर कुणीतरी मुलगी तिला हाक मारत होती, चल की गं, ऊन उतरलं. ती उंबऱ्यावर खाली बसली. नाड्या सोडल्या, आधी उजवी, मग डावी. गाठ बसली होती ती नखानं सोडवली. बूट काढून मांडीवर घेतला, आत दोन बोटं घातली आणि कापूस ओढून काढला. दाबून दाबून कडक झालेला, घामानं पिवळट बोळा. तो बाजूला ठेवला. मग दुसऱ्यातला. वाहत आलेल्या पाण्यानं दोन्ही बोळे उचलले आणि माझ्या पायाशी आणले. तिनं ते बघितलंही नाही. बूट हातात घेऊन ती आत गेली आणि फोटोखाली, भिंतीला टाचा लावून, उभे करून ठेवले.